हिरामणची गांधीलमाशी

महापे गावात हिरामण मढवी समोरून आले की अनोळखी माणूस आपोआप रस्त्याच्या कडेला होतो. अंग असं, की दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागतो. गळ्यात करंगळीएवढी जाड सोन्याची चेन, कपाळाला आडवं गंध, आणि आवाज असा, की त्यांनी नुसतं खाकरलं तरी शेजारच्या बिल्डिंगखाली झोपलेला कुत्रा उठून बसतो. वडलांची जमीन एमआयडीसीत गेली, गावठाणातली जागा राहिली, तिच्यावर हिरामणने बिल्डिंग बांधली. खाली स्वतः राहतात, वरच्या खोल्यांत आयटी पार्कमधली पोरं भाड्याने. ही पोरं जिन्यात हिरामण भेटले की भिंतीला चिकटून उभी राहत आणि ते गेल्यावर श्वास सोडत.

हिरामणही पोरं गेल्यावर श्वास सोडत, हे त्या पोरांना माहीत नव्हतं.

कारण हा माणूस जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींना भ्यायचा. लिफ्टला भ्यायचा, सुईला भ्यायचा, फुगा फुगवणाऱ्याच्या जवळ उभा राहायचा नाही. पालीचं तर नावच घेत नसे. ‘ती आली बघ’ एवढंच म्हणे, आणि बायकोने समजून घ्यायचं. बायको गोजरा. अंगाने काडी, पण घरातली झुरळं, भाडेकरूंची भांडणं आणि वीज कापायला आलेला माणूस, या सगळ्यांचा बंदोबस्त ती एकाच झाडूने करी.

गावात भांडण लागलं की लोक हिरामणला बोलावत. ते जात आणि मधोमध उभे राहत. भीतीने घसा सुकलेला असल्यामुळे तोंडातून शब्द फुटत नसे. दोन्ही बाजूंना वाटायचं, काका आतल्या आत तापलेत, आता कोणाच्या तरी कानाखाली बसणार. भांडण मिटायचं. असे हिरामण गावातले मोठे न्याय करणारे होऊन बसले होते.

पण त्यांची सगळ्यात मोठी भीती गांधीलमाशीची. लहानपणी खळ्यावर भात झोडताना त्यांच्या मामाला गांधीलमाशीने डोळ्याशेजारी डंख मारला होता. मामाचं तोंड फणसासारखं सुजलं, डोळा कुठे गेला ते दोन दिवस कळेना. हिरामणला स्वतःला गांधीलमाशी कधी चावली नव्हती. मामाचं ते तोंड मात्र त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तर झालं असं, की पुतण्याचं लग्न निघालं. तेजस, भावाचा मुलगा, त्याच आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत. हळद दुपारची ठेवली होती, कारण संध्याकाळी डीजे फार लवकर बंद करावा लागतो आणि मग नाचायला वेळ उरत नाही. घरासमोर मांडव, झेंडूच्या माळा, धवलारीण लग्नाची गाणी म्हणतेय, तेजस पाटावर हळदीने पिवळाधमक. आणि मांडवात ती आली.

करंगळीएवढी लांब. काळ्या अंगावर पिवळे पट्टे, तांबूस पंख, आणि आवाज मिक्सरमध्ये सुकं खोबरं घातल्यासारखा. आधी झेंडूच्या माळेभोवती फिरली, मग धवलारणीच्या डोक्यावरून गेली. गाणं बंद पडलं. बायका पदर डोक्यावर घेऊन मागे सरकल्या. तिने दोन घिरट्या मारल्या आणि सरळ तेजसच्या नाकावर बसली.

“गांधील हाय!” कोणीतरी म्हणालं. “हलू नको रं तेजस!”

“नाय हलत,” तेजस ओठ न हलवता म्हणाला. “पन कोन तरी काढा.”

सगळा मांडव हिरामणकडे बघायला लागला. हिरामण त्या वेळी बाहेर पडायची वाट शोधत होते. पण त्यांच्या आणि फाटकाच्या मधे डीजेचे दोन स्पीकर होते. म्हणून ते हळूच उलटे सरकले. मागे हळदीचं परातभर पाणी होतं. त्यात पाय पडला, मागच्या मागे घसरला, आणि एवढा मोठा देह पुढे बसलेल्या तेजसवर कोसळला. पडताना काहीतरी धरायचं म्हणून त्यांनी हात टाकला. तो तेजसच्या तोंडावर फाडकन बसला आणि मूठ मिटली.

मुठीत ती.

हिरामण उठून उभे राहिले. मूठ उघडली तर चावेल, मिटलेली ठेवली तरी चावेल. आतून ती अशी घूंघूं करत होती, की त्यांचे दात वाजायला लागले. काय करावं सुचेना म्हणून त्यांनी हात जमेल तेवढा अंगापासून लांब, म्हणजे डोक्याच्या वर धरला. डोळे गच्च मिटले आणि मामाला आठवत उभे राहिले.

“पकरली!” एकजण किंचाळला. “काकांनी मुठीत पकरली!”

नेमके तेव्हाच सगळ्यांनी मोबाईल काढले. त्यामुळे व्हिडिओत घसरणं नाही, परात नाही, तेजसला बसलेली थप्पड नाही. मूठ वर करून डोळे मिटून उभा असलेला एक धिप्पाड माणूस, मागे झेंडू, आणि लगेच दणक्यात सुरू झालेला डीजे. मग तो माणूस गर्दीतून चालत मागच्या कुंपणापर्यंत जातो आणि मूठ उघडतो. ती उडून जात नाही. तळहातावर बसते, पुढचे पाय एकमेकांवर चोळते, थोडी इकडेतिकडे चालते, आणि मग कुठे उडते. हाताला साधा ओरखडा नाही.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करत पार उरणपर्यंत पोचला.

गोजरा त्या वेळी आत वडे तळत होती. तिनेही व्हिडिओच पाहिला. एकदा पाहिला, परत पाहिला, मोबाईल पदराने पुसून पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी तळलेल्या बोंबलातला सगळ्यात मोठा नवऱ्याच्या ताटात आला. इतकी वर्षं तो जेवायला येणाऱ्या मेहुण्याला जायचा. शिवाय ‘अवो’ या शब्दाला एक नवीनच मऊपणा आला होता.

हिरामणनाही हळूहळू पटायला लागलं. एवढी गांधील मुठीत घूंघूं करत होती आणि चावली नाही म्हणजे काय? एकवीरा आईची कृपा, दुसरं काय. एका दुपारी वाशीला कामासाठी गेले, तर चक्क लिफ्टमध्ये शिरले आणि पहिल्या मजल्यापर्यंत डोळे उघडे ठेवून गेले. तिथून मात्र जिन्याने.

लग्न झालं. नवी सून नमिता कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. घरात पाहुणे आले की तेजस मोठ्या कौतुकाने काकांचा व्हिडिओ टीव्हीवर लावायचा. असाच एकदा लावला असताना नमिता चहाचा ट्रे घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

“जरा थांबव,” ती म्हणाली. चित्र थांबलं. तिने पडद्याजवळ जाऊन तळहातावरच्या त्या बयेला नीट निरखलं. मग चहा दिला.

संध्याकाळी हिरामण गच्चीवर कढीपत्त्याला पाणी घालत होते. नमिता वर आली.

“काका, एक बोलू? रागावणार नाही ना?”

हिरामणना रागावलेलं कोणीच कधी पाहिलं नव्हतं, तरी हा प्रश्न त्यांना सगळेच विचारत.

“बोल ना.”

“ती तुमच्या हातावर बसून पाय चोळत होती, बघितलंत?”

“हा. आपन हात धुतो तशी.”

“तिथेच मला शंका आली. म्हणून थांबवून बघितलं. गांधीलमाशीला चार पंख असतात, हिला दोनच आहेत. मिशा अगदी आखूड. आणि डोळे एवढे, की डोकं म्हणजे नुसते डोळेच. काका, ती गांधीलमाशी नाही. माशी आहे.”

“माशी?”

“आपल्या घरात येते ना, तिची लांबची बहीण समजा. ही फुलांवर असते. हिला डंखच नसतो. गांधीलमाशीसारखं रूप आहे, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. माणसंही जात नाहीत. मागे तो शिरीषाचा कुजका बुंधा आहे ना, अशा ठिकाणी हिच्या अळ्या वाढतात. तिथूनच आली असेल.”

हिरामण पाण्याच्या टाकीला टेकून बसले. पाइपातून पाणी पायांवर वाहत होतं.

“मंजे सगळ्या गावासमोर मी माशी पकरली.”

“मोठी होती पण,” नमिता म्हणाली. यापेक्षा चांगलं सांत्वन तिला सुचलं नाही.

हिरामणनी नळ बंद केला. मग अगदी हळू आवाजात, म्हणजे खालच्या मजल्यावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू, म्हणाले, “नमिता, तुझ्या काकीला सांगू नको.”

“मी कशाला सांगेन?”

“तसा नाय. तो मोठा बोंबील मना आवरतो.”

त्यानंतरचे दिवस हिरामणना जड गेले. कोणाच्या गॅलरीत माकड शिरलं, बोलवा हिरामणला. कोणाच्या गाडीत साप दिसला, बोलवा हिरामणला. मग ‘गुरवारी मी काय पकरत नाय’ असं त्यांनी सुरू केलं, आणि पुढे प्रत्येक वाराला काही ना काही निघालं. गावातल्या मंडळाने तर सत्काराचीच तारीख काढली. शाल, श्रीफळ, स्टेज, माईक, सगळं.

सत्काराच्या दिवशी नजीब आला. नजीब म्हणजे हिरामणचा शाळेतला दोस्त, रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान घरातला. वाशीच्या एपीएमसी मार्केटात त्याचा आंब्याचा गाळा आहे. त्याने आल्या आल्या हिरामणचा दंड धरला.

“हिरामण, तुलाच शोधत होतो. माझ्या गाळ्यात पत्र्याखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलंय, हे एवढं. पेट्या उचलायला कोणी आत यायला तयार नाय. हापूसचा सीझन, यार. उद्या सकाळी ये आणि तेवढं काढून दे.”

हिरामणनी दंड सोडवून घेतला. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, समोर माईक आला. उद्याच्या पोळ्यापुढे आजची लाज परवडली, असा विचार करून त्यांनी माईक धरला.

“मंडळी, मी खोटा नाय बोलनार. ती गांधील नवती. माशी होती. साधी माशी.”

मांडवात कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाचे अध्यक्ष नंदकुमार पुढे धावले आणि त्यांनी माईक घेतला.

“बघा! शिका काय तरी! एवढं मोठं काम केलं, आणि गांधीलमाशीला साधी माशी म्हणतो हा माणूस! याला म्हणतात नम्रता!”

“अरे नम्रता नाय! माझ्या सुनेला इचारा!” हिरामण माईकशिवायच ओरडले, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

नमिता उभी राहिली. “खरंच माशी होती. तिला दोनच पंख होते.”

“सून पण सासऱ्याच्या वळणाची निघाली,” मागून एक म्हातारी कौतुकाने म्हणाली. पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेत बसलेल्या गोजराने डोळ्यांना पदर लावला. हिरामणनी ते पाहिलं आणि हातातला नारळ घट्ट धरून खाली बसले.

सकाळी रिक्षातून तिघं निघाले. हिरामणना नमिता सोबत हवी होती. गोजरा स्वतःहून आली, तीही हळदीकुंकवाला नेसायची साडी नेसून. मार्केटात हापूसचा दरवळ, रस्ताभर पेंढा, पेट्यांच्या थप्प्या. नजीबच्या गाळ्यासमोर माथाडी कामगार मोबाईल तयार ठेवून उभेच होते. हिरामणना बघून त्यांनी वाट करून दिली.

आत पत्र्याच्या कोपऱ्यात करड्या कागदासारखं पोळं लटकत होतं. त्याच्यावर पिवळ्या-तपकिरी अंगाच्या दहाबारा जणी सावकाश फिरत होत्या.

नमिता दारातूनच वर बघत राहिली. मग काकांच्या कानाशी आली. “काका, कंबर बारीक आहे. पंख चार आहेत. या खऱ्या आहेत.”

“खऱ्या मंजे?”

“खऱ्या म्हणजे खऱ्या.”

हिरामण वळले. “नजीब, मी घरी जातो.”

“जा की,” नजीब हसला. “पकडून जा.”

“नजीब, आईशपथ सांगतो, मना ह्यांची भीती वाटते. तवा ती माशी होती.”

“हो हो, तुझ्यासाठी सगळ्या माश्याच!” नजीब म्हणाला, आणि जमलेले सगळे हसले. “अरे, काकांना काय लागेल ते द्या रे!”

सयाजी नावाचा उत्साही कामगार पुढे झाला. त्याने बांबूला रॉकेलचा बोळा बांधून आणला होता. “काका, मी खालून जाळ लावतो, तुमी वरून धरा,” म्हणत त्याने खिशातून काडेपेटी काढली. त्याच्या पायाशी पेंढा होता. दोन्ही बाजूंना लाकडी पेट्या पार छतापर्यंत. पलीकडे शेजारचा गाळा, त्यातही पेंढा.

“थांब!”

तो आवाज इतका मोठा होता, की सयाजीच्या हातातून काडेपेटी पडली. हिरामणना गांधीलमाशीची भीती होती, तशी आगीचीही होती, आणि एकदम दोन भीती त्यांना झेपल्या नाहीत.

“सगळे भायेर व्हा! पेंढा पेटला तर मार्केट जाईल! कोन आत नाय राहनार! शटर ओढा आणि औषध मारनाऱ्या मानसाला बोलवा!”

सगळे बाहेर गेले. नजीबसुद्धा. गोजराने अभिमानाने मान हलवली. हिरामण सगळ्यांच्या शेवटी निघाले. त्यांचा पाय उचलत नव्हता म्हणून उशीर झाला, पण बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळी माणसं सुखरूप निघेपर्यंत कॅप्टन हलला नाही. शेवटी ते बाहेर आले आणि त्यांनी शटरला हात घालून ते खाली ओढलं. शटर जुनं होतं. ते करकरत, हादरत खाली आलं, वरचा पत्रा थरथरला, आणि पोळ्यावरची एक बाई बघायला बाहेर आली. ती हिरामणच्या डाव्या कानाच्या पाळीवर बसली.

त्या किंकाळीची आठवण मार्केटात अजून काढतात. कांद्याच्या मार्केटातली माणसं रस्त्यावर आली म्हणे. पेट्यांची एक थप्पी कोसळली, पण ती आवाजाने की धक्क्याने, याच्यावर एकमत नाही. हिरामण, गळ्यातली चेन उडवत, शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हातांनी कान धरून पळाले ते थेट चहाच्या टपरीपाशी थांबले आणि बाकावर बसले. मग डोळे मिटून सुजायची वाट बघू लागले.

गोजरा ज्यूसवाल्याकडून बर्फ घेऊन धावत आली. पाठोपाठ नमिता, पाठोपाठ नजीब.

“काका, श्वास नीट येतोय ना?” नमिताने विचारलं. “छातीत काही होतंय? अंगावर गांधी उठल्यात?”

“नाय.” हिरामणनी एक डोळा उघडला. “कान जाम दुखतो. जळतो नुसता. आता म्होरं काय होल?”

“म्होरं काही नाही. थोडं सुजेल, तासाभराने दुखायचं कमी होईल.”

“नि मंग?”

“मग काही नाही. चहा घ्या.”

हिरामणनी दुसराही डोळा उघडला. कान चाचपला. दुखत तर होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. पण कान जागेवर होता, डोळे जागेवर होते, समोर चहाची किटली उकळत होती. ते तसेच बसून राहिले. मग त्यांच्या पोटातून कसलासा आवाज यायला लागला. गोजरा घाबरली. पण ते हसत होते. बाक हलत होता.

“एवराच?” ते म्हणाले. “जलमभर मी एवऱ्याला भ्यायलो?”

नजीब समोर उकिडवा बसला. “हिरामण, एक सांग. हळदीला एवढी मोठी मुठीत धरलीस तेव्हा हूं की चूं नाय, आणि आज एका डंखाला एवढा ओरडलास कसा?”

“कवापासून सांगतो तुला! ती माशी होती!”

नजीबने नमिताकडे पाहिलं. नमिताने मान हलवली. त्याने हिरामणच्या लाल कानाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा त्याला खरं वाटलं. “या अल्ला,” तो म्हणाला, “मग तू आज इथे आलास कशाला?”

“तू दोस्त ना,” हिरामण म्हणाले. “आनी तू ऐकत कुठं होतास?”

औषध मारणारा माणूस पोशाख घालून संध्याकाळी आला आणि त्याने पोळं काढलं. किंकाळीचा व्हिडिओ तेव्हा पहिल्या व्हिडिओच्याही पुढे निघून गेला होता. मंडळात शाल परत मागावी का यावर चर्चा झाली, पण मागायला गोजराकडे कोण जाणार, यावर ती थांबली.

गोजरा त्या रात्री जेवायला वाढताना म्हणाली, “मना काय ठाऊक नवता, तुमी भिता ते? आख्खा संसार मी पाली मारल्या. पन मना वाटला, एकदा तरी नाय भ्यायला.”

“तवा पन भ्यायलोच होतो गं,” हिरामण म्हणाले. “आज भ्यायलो तसाच.”

गोजराने त्यांच्या सुजलेल्या कानाकडे बघितलं. ज्या आवाजाने सयाजीच्या हातातली काडेपेटी पडली, तो तिला आठवला असावा. तिने बोंबील वाढला. मोठा होता की मधला, ते हिरामणनी पाहिलं नाही.

त्यानंतर गावातल्या भांडणांना कोणी त्यांना बोलावेनासं झालं. जिन्यात भेटणारी पोरं आता भिंतीला चिकटत नाहीत. ‘काका, कान कसा आहे?’ विचारतात, आणि रविवारी वर कॅरम खेळायला बोलावतात. कॅरम त्यांना येत नाही, पण ते जातात, नि सोंगटी पडली की सगळ्यांच्या आधी ओरडतात.

आणि त्याच महिन्यात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांची एक दाढ कित्येक वर्षं दुखत होती आणि ते एका बाजूनेच जेवत होते. गोजराला न सांगता एकटे वाशीला गेले, डेंटिस्टच्या खुर्चीत बसले आणि आ केला. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सुई नुसती हातात घेतली आणि हिरामणनी तोच मार्केटातला आवाज काढला. बाहेर बसलेले पेशंट चपला घालून उठून गेले.

“काका,” डॉक्टर घाबरून म्हणाल्या, “अजून मी टोचलंच नाही.”

“ठाऊक हाय,” हिरामण म्हणाले. “तुमी टोचा बिनधास्त. मी तवर वरडतो.”